माक्याला आवतण

श्रावण शुद्ध पंचमी, शके १७८६. अकोला.

पोचलो एकदाचा. खामगावाहून इथवर गाडी आली म्हणण्यापेक्षा बैलांनी ती काळ्या चिखलातून ओढून काढली म्हणावं. मधे उतरून चाकाला खांदा दिला, तर वऱ्हाडच्या मातीनं माझा डावा जोडा गिळला तो गिळलाच. एका पायात जोडा, बगलेत औषधांची पेटी आणि डोक्यावर पगडी, अशा थाटात मी सहदेव वैद्य नेवासेकर खुशालराव माळ्यांच्या दारात उभा राहिलो.

खुशालराव मोठा मोकळा माणूस. मी पगडी उतरवली आणि आतलं तुळतुळीत टक्कल पाहून त्यांनी हसू दाबलं. त्यांच्या आईनं, पार्वताबाईंनी, ते कष्ट घेतले नाहीत. केसांचं तेल करणाऱ्याच्याच डोक्यावर केस काहून नाईत, असं त्यांनी पाणी द्यायच्या आधी विचारलं. मी म्हटलं, लोकांच्या डोक्यांतून सवड मिळाली तर ना. तेव्हा त्याही हसल्या. इथली बोली कानाला धसमुसळी लागते, पण पोटात काही ठेवत नाहीत हे बरं.

घर नवंकोरं, सागवानी. कुठंशी अमेरिकेत लढाई जुंपली आहे म्हणे, विलायतेला कापूस पुरत नाही, आणि त्यापायी इथले बैल शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून हिंडतात. माळ्याचं घर म्हणून मी फुलझाडं शोधत होतो. एक नाही. जास्वंद, शेवंती, वांगी, मेथी सगळं उपटून उंबऱ्यापर्यंत कपाशी लावली आहे. आज पंचमी, तवा चढत नाही. उकडलेली दिंडं पोटभर खाल्ली. मला बाहेरची खोली दिली आहे. हवेशीर आहे. इथं माझं बस्तान बसणार.

श्रावण शुद्ध अष्टमी.

ज्या कामासाठी बोलावलं ते आज पाहिलं. खुशालरावांची बायको मनकर्णा, विशीच्या आतबाहेरची. चैत्रात तिला पहिला मुलगा झाला आणि वैशाख सरता सरता तापानं गेला. बाळंतपणानंतर बायकांचे केस गळतात, त्यात नवल नाही; काही महिन्यांत आपसूक भरून येतात. हिचे मुळापासून आले. पदर सरकव म्हटल्यावर आधी तिनं डोळे मिटले. माथा सगळा उघडा, कानामागं दोन-चार बटा. कोंडा नाही, खाज नाही, चाईचे चट्टे नाहीत. कातडी लहान मुलासारखी निरोगी. मुलगा गेल्यापासून ती रडलेली नाही, असं सासूनं सांगितलं.

गळालेलं गुंतवळ तिनं फडक्यात बांधून ठेवलं आहे. पोत-मणी घेऊन फिरणाऱ्या वैदिणी गुंतवळाच्या बदल्यात सुया देतात, पण ही एक केस द्यायला तयार नाही. त्याच्या मुठीत हेच केस असायचे, एवढंच ती म्हणाली.

पार्वताबाईंनी सगळं सुनेसमोरच बोलून टाकलं. अशी बोडकी बाई सकाळी समोर आली तं मले पाणी गोड लागत नाई. गावातल्या बाया हिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. तुळशीचं लगीन लागेतो केस आले तर ठीक, नाही तर अकोटची एक पोरगी पाहून ठेवली आहे. खुशालराव उठून बैलांकडे गेले. मनकर्णा खाली बघत कापसातली सरकी बोटांनी काढत बसली. मला फार वाईट वाटलं. तिला सख्खा भाऊ नाही. मी नेमका पंचमीला दारात उतरलो म्हणून ती मला भाऊ म्हणते. मीही निपुत्रिक विधुर, मला तरी कोण आहे? तिला म्हटलं, तुळशीच्या लग्नात तू अंबाड्यात फूल माळशील. म्हणताना मला खात्री होती.

सध्या काळे तीळ, खोबरं, आणि रिठ्यानं न्हाणं सांगितलं आहे. तेलासाठी माका हवा.

श्रावण वद्य तृतीया.

माका मिळेना. ओलीला कुठंही उगवणारं झाड, नेवाश्यात पायाखाली येतं. इथं बांधावरचं गवतसुद्धा खुरपून कपाशी टोचली आहे. माळ्याच्या घरी राहून मी रानभर माका शोधतो आहे, आता काय बोलावं!

शेवटी आज सापडला. मळ्याच्या टोकाला नाल्यालगत बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेला एक तुकडा आहे. वऱ्हाडात नांगर न लागलेली एवढीच जागा मी पाहिली. माती भुसभुशीत, उंचसखल. ठिकठिकाणी एकेक धोंडा ठेवलेला. शेतातले देव असतील. आणि माका म्हणाल तर गुडघाभर, दाट, पांढऱ्या फुलांचा. एका धोंड्याशी काळ्या मण्यांची पोत पडली होती, कुण्या वैदिणीच्या टोपलीतून गळली असावी. त्या ठिकाणची माती अजून बसलेली नव्हती आणि तिथला माका सगळ्यांत कोवळा.

आमच्या घराण्याची रीत अशी की वनस्पतीला आदल्या दिवशी आवतण द्यायचं. ओरबाडून आणलेली मुळी गुण देत नाही, बोलावून आणलेली देते. जागा कुणाला सांगायची नाही, घरच्यांनाही नाही. दिवस मावळताना मी अक्षता आणि सुपारी ठेवली, हात जोडले आणि मला वैद्यकी शिकवणाऱ्या काकांनी सांगितलं तसं म्हटलं, उद्या न्यायला येतो, मुळासकट या, जिथं लावीन तिथं घर करा.

वारा पडला होता, तरी माका हलला. मान्यता मिळाली म्हणून मला आनंद झाला.

श्रावण वद्य दशमी.

पहाटे मौन धरून माका आणला तो धुऊन, वाटून, रस काढून आज तेल सिद्ध झालं. घाण्याचं तिळाचं तेल, माक्याचा रस, आवळा, ब्राह्मी, जटामांसी; लोखंडी कढईत मंद आचेवर. घाई केली की तेल करपतं. रस आटला की नाही ते पाहायला कापसाची वात भिजवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे. आज वात गुपचूप जळली. उत्तम पाक.

एकच जरा वेगळं. माक्याच्या तेलाला उग्र वास येतो. ह्याला दुधाचा आला. न्हाऊ घालून पाळण्यात टाकलेल्या लेकराच्या टाळूला येतो, तो. मनकर्णा चुलीपाशी येऊन कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग गेली.

गाळताना पहिली पळी करणाऱ्यानं आपल्या डोक्याला लावायची, ही आणखी एक रीत. कोवळा माका वरती होता, त्याचा अर्क आधी उतरला. तो माझ्या टकलावर चोळला. पार्वताबाई म्हणाल्या, दगडाले तेल पाजून राहिले जी तुमी. पाजू द्या म्हटलं.

भाद्रपद शुद्ध द्वादशी.

केस आले! मनकर्णेच्या माथ्यावर लव उभी राहिली आहे. पार्वताबाईच रोज तेल लावतात. आज त्यांनी मला हाक मारून दाखवलं आणि हातावर साखर ठेवली. खुशालराव पुढं झाले. त्यांनी माझे पाय धरले, मी उठवलं. मनकर्णा आरशात पाहून हसली. मी इथं आल्यापासून पहिल्यांदा.

आणि माझ्या दगडावरही रान उगवलं आहे. वयाच्या पन्नाशीला! काका असते तर काय म्हणाले असते.

भाद्रपद वद्य चतुर्थी.

केस बोटभर झाले. फार मऊ आहेत. विंचरायला जावं तर फणीत राहत नाहीत. पार्वताबाई हात फिरवून म्हणाल्या, वैदबुवा, हे बाईमाणसाचे केस नाईत. हे तं जावळ हाय. मी म्हटलं नवे केस असेच येतात, पुढं राठ होतील. पण मी बाळंतपणानंतरचे नवे केस पुष्कळ पाहिले आहेत, असे नाही पाहिले.

न्हावी दाढी करायला आला होता. माझं डोकं पाहून थट्टा करू लागला. तुम्हाला दोन भोवरे आहेत, म्हणजे आणखी एक लग्न होणार म्हणे. पूर्वी माझ्या डोक्याला भोवरा होता की नाही, मला आठवत नाही.

आश्विन शुद्ध तृतीया.

मनकर्णेचं डोकं दुखत होतं म्हणून पाहिलं. वरच्या बाजूला, मध्यावर, माझी बोटं दबली. हाड नाही. मऊ. आणि तिथं ठोका पडतो आहे.

टाळू उडते आहे. विशीच्या बाईची.

मी हात काढून घेतला. खोलीत येऊन दार लावलं, पगडी काढली. माझीही उडते.

आश्विन शुद्ध अष्टमी.

तिचे केस सारखे नाहीत. एका बाजूला काळे, मधे तांबूस, मागं कुरळे. प्रत्येक पुंजक्याला आपला भोवरा. आज पार्वताबाई तेल लावता लावता थांबल्या. डाव्या कानावरच्या पुंजक्यात एक पांढरी बट आहे. ती त्यांनी बोटात धरली आणि सुनेच्या पाठीमागं तशाच खाली बसल्या. खुशालरावांच्या आधीचा त्यांचा मुलगा. रांगायला लागायच्या आत गेला. त्याला अशी पांढरी बट होती.

मग त्यांनी मला विचारलं, माका कुठून आणला. रीत मोडून मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, तिथं आमी लेकरं ठेवतो जी. दात यायच्या आत गेलेली. आमच्या सासवांपासून.

दूधपितं मूल जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत नव्हतं का? नेवाश्यातही पुरतात. तो धोंडा, ती पोत, ती न बसलेली माती. शेतातले देव म्हणे! आणि मी अक्षता ठेवून त्यांना म्हटलं होतं, घर करा.

आश्विन शुद्ध एकादशी.

तोडगा एकच आहे. जावळ काढायचं. त्या लेकरांपैकी कुणाचंच निघालेलं नाही. मी पार्वताबाईंना सांगितलं. ज्यांनी केसांसाठी सवत आणायची ठरवली होती त्या माझ्यापुढं पदर पसरून म्हणाल्या, अकोटची पोरगी नको, काही नको, वस्तरा लावू नका. त्या आता दिवसभर सुनेच्या मागं बसतात आणि ती पांढरी बट कुरवाळतात.

आश्विन वद्य पंचमी.

गावात कळलं. बाया येतात. ज्या हिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या त्याच. दुपारी पुरुष रानात गेले की मागच्या दारानं एकेक येते, मनकर्णेच्या डोक्यात बोटं घालून शोधते. शेजारची कौशल्या कुरळ्या पुंजक्यापाशी थांबली आणि पोरीचं नाव घेऊन एवढं रडली की मला अंगणात उभं राहवेना. काही म्हाताऱ्या नावं विसरल्या आहेत. त्या नुसत्या हात ठेवून बसतात.

मनकर्णा हलत नाही. तिला पान्हा फुटला आहे, पोलकं सतत ओलं. गालाची हाडं वर आली आहेत. खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. कुणाच्या लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आश्विन वद्य नवमी.

आज तिनं मला जवळ बोलावलं. मान सरळ राहत नाही, भिंतीला टेकून होती. म्हणाली, सगळ्यांचे सापडले, भाऊ. माहा नाई सापडला.

मी विचारलं, खूण काय होती.

दोन भोवरे, म्हणाली. बाया हसायच्या, दोन लग्नं करील म्हणून.

मी उठलो. पगडी नीट दाबली. औषध आणतो म्हटलं आणि खोलीत आलो. पहिली पळी. कोवळा माका.

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता खरं लिहितो. दुपारी मी पडलो की डोक्यावर भार येतो. माझा कान कुणीतरी मुठीत धरतं. झोपेत सुस्कारा टाकतं. मला कधी मूल झालं नाही. मी अजून थोडे दिवस—

आश्विन वद्य द्वादशी.

खुशालराव आले. उभा बाप्या लेकरासारखा रडत होता. म्हणाले, मले केस नाई पायजेत, बाई जिती पायजे. आई ऐकत नाही, बाया ऐकत नाहीत, तुम्ही काही करा.

मी वस्तऱ्याला धार लावली. जावळ मामाच्या मांडीवर निघतं. ती मला भाऊ म्हणते. म्हणजे मामा मीच.

आश्विन अमावास्या.

काढलं. बाया आडव्या आल्या. खुशालरावांनी दार धरलं. मनकर्णेचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक पुंजका उतरवला. प्रत्येकाला म्हटलं, बाळा, जा. बाहेर एकेक बाई रडायची. कोणती बट निघाली हे त्यांना बाहेर कसं कळत होतं, माहीत नाही. पांढरी बट निघाली तेव्हा पार्वताबाईंनी भिंतीवर डोकं आपटलं.

सगळे केस मोर्णा नदीत सोडले.

तिची टाळू भरली. हाड लागतं. पान्हा आटला. संध्याकाळी तिनं अर्धी भाकर खाल्ली.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा.

ती वाचली. खुशालरावांनी आईला बजावलं, दुसरी बाई ह्या घरात येणार नाही. आई हो म्हणाल्या. त्यांना आता कशाचंच काही नाही.

मी उद्या निघतो. पगडीखाली त्याला घेऊन निघतो. कुणाला कळणार नाही. नेवाश्यात नदीकाठी खोली घेईन. दूध—दूध कुठलं देणार मी त्याला? कालपासून तो कुरकुरतो आहे. मनकर्णा अंगणात आली की टाळू जोरात उडते. मी दार लावून बसलो.

तिचा पान्हा आटला होता. माझ्या दारावरून गेली आणि पोलकं भिजलं. ती थांबली. दाराकडे पाहत राहिली. मी फटीतून पाहिलं—

कार्तिक शुद्ध द्वितीया. भाऊबीज.

ताट घेऊन आली. बोडक्या डोक्यावर पदर. ओवाळलं. मग ताट पुढं केलं आणि ओवाळणीसाठी थांबली.

मी चांदीचा रुपया काढला. तिनं मान हलवली. माझ्या पगडीकडे पाहिलं.

मी म्हटलं, दे ठेवून ताट, येतो. आत आलो. वस्तरा इथंच आहे. लावला तर तो जाईल, मग तो ना तिचा, ना माझा. मी मामा, मला तो अधिकार आहे. पण ती अजून त्याच्यासाठी रडलेली नाही. एकदाही नाही.

वस्तरा पेटीत टाकला.

न्यायला हवा तर नेईल. तिचाच आहे. सोडताना माझं काय—हाड नाही तिथं—असो. वैद्याला विचारायला नको.

ती दारात आली. हात पुढं केले आहेत. पगडी काढली मी. रडते आहे. मोठ्यानं रडते आहे. आता रडली, बरं झालं. त्यानं ओळखलं तिला. कान सोडला माझा. झेपावतो आहे, आणि मांडीवरून आईकडे जाताना लेकरू पायांनी जसा रेटा देतं तसा टाळूत पाय रोवून—